नापास होण्याची नोकरी

मी एक जुना ब्रेकचा लिव्हर आहे, आणि मी नापास आहे. हसू नका, मित्रांनो! तुमच्याकडे नापास होणाऱ्याला घरी बोलणी बसतात. मला मात्र नापास होण्याचीच नोकरी आहे आणि गेली अकरा वर्षं ती मी इमानेइतबारे करतो आहे. चुकून एखाद्या दिवशी मी पास झालोच, तर अख्खा कारखाना कामाला लागतो. आता असं का, ते ऐका.

माझा जन्म नाशकात सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला, साल सत्त्याहत्तर. लालबुंद सळई हॅमरखाली ठोकून मला आकार दिला. वीतभर लांबी, एका टोकाला भोक. तीनचाकी टेम्पोचा ब्रेक दाबला की जो दांडा ओढला जातो, तो मी. अंगातून धग निघत असतानाच मला पाण्यात बुडवलं. पोलादाला असं पाणी दिलं की ते कडक होतं. माझ्या बाबतीत चर्र आवाज झाला आणि भोकाच्या आतल्या अंगाला एक चीर गेली, केसाहून बारीक. मला ते लगेच कळलं. पण मी गप्प बसलो. आपलं वैगुण्य आपणहून कोण सांगतं, सांगा बरं?

पुढे तपासणीचं टेबल होतं. तिथे चार बाया बसत, आणि त्यांत मुख्य सुलाबाई. मखमलाबादची. घरी भाजीचा मळा. दीर-जावा मळ्यात राबायचे आणि ही कारखान्यात. दिवसाला पाचशे लिव्हर या चौघींच्या हाताखालून जात. फडक्याने पुसायचा, उलटसुलट बघायचा, हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचा. सुलाबाईने मला दोनदा फिरवून पाहिलं आणि ठिपका दिला. मी पास! खोक्यात बसताना माझी छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू! आज त्या फुगण्याची लाज वाटते.

कारण माझ्याच भट्टीतला एक भाऊ, तसाच चिरलेला, तसाच ठिपका मिरवणारा, पुंजारामच्या टेम्पोला लागला. पुंजाराम सुलाबाईच्याच आळीतला. रोज सकाळी आळीतली मेथी-कोथिंबीर तोच बाजारात न्यायचा. एका सकाळी उतारावर ब्रेक दाबला आणि माझा भाऊ कटकन तुटला. टेम्पो कालव्यात. पुंजारामचा पाय दोन ठिकाणी मोडला.

आमची सगळी खोकी कारखान्यात परत आली. ज्या पुण्याच्या कंपनीला माल जायचा, तिथल्या साहेबांचं पत्रही आलं. महिन्याभरात तपासणी सुधारा, आम्ही स्वतः येऊन परीक्षा घेऊ, नाहीतर माल बंद. मालक मोतीरामशेठ तसे भले गृहस्थ, पण राग नाकाच्या शेंड्यावर. "साहेबाच्या परीक्षेत एक जरी सुटला, तर हे टेबल उचलून टाकीन आणि तुम्ही चौघी घरी!" ते ओरडले. "डोळ्यांत तेल घालून बघा की जरा!"

सुलाबाईला नोकरीची काळजी तर होतीच, पण पुंजारामच्या दारावरून जाताना तिची मान वर होत नव्हती. ठिपका तिच्या हातचा होता ना!

मग काय, दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. चौघी जरा ओरखडा दिसला की लिव्हर बाजूला टाकायला लागल्या. शंभरात तीस बाद! फोरमन सावळीराम मेस्तरींनी त्यातले कापून पाहिले, तर अठ्ठावीस धडधाकट. शेठ कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं बायांनो, आधी खडा सोडत होता, आता दाणेच फेकताय!"

मेस्तरी मनाने कष्टी झाले होते. तरुणपणी एका जुन्या कारागिराकडून शिकलेली रीत त्यांनी बाहेर काढली. लिव्हर रॉकेलमध्ये बुडवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूची भुकटी भुरभुरायची आणि थांबायचं. चिरेत लपलेलं रॉकेल हळूहळू वर झिरपतं आणि पांढऱ्या भुकटीवर काळसर रेघ उमटते. परत आलेल्या खोक्यांतून त्यांनी असे सात चिरलेले शोधले. त्यांत मी होतो, सातवा. माझी रेघ उमटली तेव्हा सगळ्यांपुढे उघडा पडल्यासारखं झालं मला.

उपाय पक्का, पण दिवसभरात चाळीस लिव्हर झाले तर डोक्यावरून पाणी. शिवाय शेठ म्हणाले, "रॉकेल काय नळाला येतं का? लोक रेशनच्या रांगेत उभे आहेत." तेही खरंच होतं.

आम्ही सातजण भंगारात जाणार, तोच सुलाबाई म्हणाली, "मेस्तरी, टाकू नका त्यांना. माझ्या कामाचे हायेत."

"तडा गेलेलं लोखंड कशाला हवंय तुम्हाला?"

"मी नवी नवरी होते ना, तवा आमची सासू, गोजराबाई, सुपात तांदूळ द्यायची निवडायला. लय बेरकी म्हातारी! आधी गुपचूप सात खडे मोजून टाकायची. मी निवडून आणलं की विचारायची, किती निघाले? पाच म्हटलं की सूप परत हातात. मी तिला मनातल्या मनात लय शिव्या दिल्या. पण मेस्तरी, तिला पक्कं ठावं होतं, सुनेला किती दिसतं ते. आपल्याला ठावं हाय का, आपल्याला किती दिसतं?"

मेस्तरींनी टोपी काढून डोकं खाजवलं. खरंच, कुणाला ठाऊक होतं?

"तुम्ही ह्या सातांना चांगल्या मालात मिसळा," ती म्हणाली. "कुठं ते आम्हाला सांगू नका. टाकणारा वेगळा, निवडणारा वेगळा."

आमच्या बुडाला बारीक खूण ठोकून, वर मळ माखून, मेस्तरींनी आम्हाला चारशे चांगल्यांत लपवलं. संध्याकाळी मोजलं. डोळ्यांनी बघून सातांपैकी किती सापडले असतील? दोन! मी मात्र हिरवा ठिपका लावून खुशाल बसलो होतो. तेवढ्यात सुलाबाईने मला उचललं, बुडाची खूण पाहिली आणि माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ह्याच्यासारख्यानंच आमच्या पुंजारामभावजींचा पाय मोडला." मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी ते मला लागलं. त्या दिवसापासून पास होण्याची हौस माझ्या मनातून गेली ती गेलीच.

मग तिने दुसरी युक्ती काढली. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना? चांगला माठ खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. तसं लिव्हर हातात धरून वाजवला तर चौघे सापडले. हातात धरल्याने नाद दबतो म्हणून तारेला टांगून वाजवला, तर पाच. जेवणाच्या सुट्टीत हॅमर बंद असताना वाजवला, तर सहा. उरलो मी. मी धड बद्दही वाजेना. खणखणायचो, पण माझा नाद इतरांपेक्षा जरा लवकर विझायचा.

मेस्तरी म्हणाले, "सोडा हो त्याला. सातांत सहा म्हणजे लय झालं."

"कालव्यात जायला एकच पुरतो, मेस्तरी."

दोन दिवस तिने विचार केला, आणि जे ठरवलं ते आजही भिंतीवर लिहिलेलं आहे. पहिल्या फेरीत सगळे वाजवायचे. नाद जरा जरी अडखळला, की बाजूला. तिथे दयामाया नाही, पण तिथे कुणाला बादही करायचं नाही. बाजूला काढलेल्यांचीच दुसरी फेरी, रॉकेल आणि खडूची. निकाल तिथे. पहिल्या फेरीत शंका घ्यायची, दुसरीत खात्री करायची. असं केल्यावर चांगले फुकट जाईनात, रॉकेल बाटलीभर पुरलं, आणि सातव्या दिवशी सातही सापडले. माझी रेघ उमटली तेव्हा चौघींनी टाळ्या पिटल्या. नापास झाल्यावर टाळ्या मिळालेला दुसरा कोणी तुम्ही पाहिलाय का?

पण खरी परीक्षा पुढेच होती. पुण्याचे साहेब आले, चष्मेवाले आणि तुटक बोलणारे. आपल्या गोदामात तपासून ठेवलेले पाचशे चांगले लिव्हर त्यांनी बरोबर आणले होते. एव्हाना नव्या मालातही चिरलेले सापडून, बुडाला खूण ठोकलेले आम्ही बाराजण झालो होतो; त्यांतले काही त्यांनी मेस्तरींकडून मागून घेतले. मेस्तरींच्या जागी दुसरा असता तर सोपे सोपे दिले असते. या भल्या माणसाने सगळ्यांत अवघड म्हणून मलाच पहिल्यांदा दिलं! साहेबांनी दार लावून आपल्या हाताने मिसळामिसळ केली. किती मिसळले तो आकडा वहीत लिहून त्यांनी वही खिशात ठेवली.

सुलाबाईने पहिला लिव्हर तारेला टांगला आणि तशीच थांबली. पलीकडे हॅमर धाडधाड चालू होता. साहेबांपुढे काम जोरात दिसावं म्हणून शेठनी मुद्दाम लावलेला!

"शेठ, हॅमर बंद करा."

"वेड लागलंय का? साहेब काय म्हणतील?"

"बँड वाजत असताना माठ वाजवून घेता का तुम्ही? बंद करा, नायतर मी वाजवत नाय."

शेठ असे लाल झाले की आता भट्टीत घालतात की काय! पण साहेबांनी नुसती मान हलवली आणि हॅमर थांबला. एवढी शांतता त्या शेडने कधी ऐकली नसेल. टण, टण, टण... एकेक जात होता. माझी पाळी आली. वाजलो. नाद उठला, चांगला उठला, आणि मी मनात म्हणत होतो, ऐक गं बाई, नीट ऐक, विझतोय बघ! तिने मला पुन्हा वाजवलं. डोळे मिटले. आणि बाजूला ठेवलं.

पाचशेंहून जास्त वाजवले, त्यांतले एकतीस बाजूला निघाले. एकतिसांना रॉकेल, फडकं, खडू. दहा मिनिटं थांबायचं. एकेकाच्या अंगावर रेघा उमटू लागल्या, माझ्या काही उमटेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सुलाबाई पदर तोंडात धरून उभी. आणि मग, आली! भोकाच्या कडेने, नखाएवढी, पण आली. मला ओरडता आलं असतं तर मी पार गोदाकाठापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

"नऊ सापडले, साहेब," सुलाबाई म्हणाली.

साहेबांनी वही उघडली. "मी आठ टाकले होते. एक चांगला तुम्ही विनाकारण बाद केलात."

शेठचा चेहरा पडला. मेस्तरींनी नऊही उलटे करून पाहिले. आठांच्या बुडाला खूण होती, नवव्याला नव्हती. तो साहेबांच्याच तपासलेल्या मालातला होता.

"चांगला नाय तो, साहेब," सुलाबाई शांतपणे म्हणाली. "तोडून बघा."

"आणि चांगला निघाला तर?"

"तर मी उद्यापासून येत नाय."

मेस्तरींनी तो व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि घण घातला. तुटला. तुटलेलं तोंड सगळीकडे चांदीसारखं चकचकीत होतं, फक्त एका कडेला काळी चंद्रकोर. पाणी देतानाच गेलेली जुनी चीर! काखेत कळसा आणि गावाला वळसा, साहेबांनी आपला चिरलेला लिव्हर खुशाल चांगला म्हणून आणला होता. हा हा हा! शेठ तर साहेबांचा मान विसरून नाचायलाच लागले.

साहेबांनी चष्मा पुसला. माणूस सरळ होता. म्हणाले, "बाई, आमच्या तपासणीतून हा सुटला, तुमच्या नाही. ही रीत मला लिहून द्या. पुण्यात आमच्याकडेही चालू करतो. खाली तुमचं नाव घाला."

सुलाबाई चौथी शिकलेली. तिने सांगितलं, मेस्तरींनी लिहिलं आणि खाली सही तिने स्वतः केली, सावकाश, एकेक अक्षर. टेबल राहिलं, चौघी राहिल्या.

सहा महिन्यांनी फाटकाशी काठी टेकत एक माणूस आला. पुंजाराम! टेम्पो दुरुस्त झाला होता, ब्रेकला लिव्हर हवा होता. शेठ स्वतः आणून द्यायला निघाले, तर तो म्हणाला, "तसा नको, शेठ. सुलावहिनींनी वाजवलेला द्या." सुलाबाई टेबलावरून उठली. तिने एक लिव्हर टांगला, वाजवला, नाद पुरता विझेपर्यंत ऐकला आणि त्याच्या हातात दिला. त्या दिवशी ती मान वर करून घरी गेली.

आता साल अठ्ठ्याऐंशी. मधे मोठं विजेचं यंत्र आलं, ते म्हणे आपोआप चिरा दाखवतं. तीन महिने मी फळीवर धूळ खात पडलो होतो. मग सुलाबाईने यंत्रालाही माझ्यावरच पारखायचं ठरवलं आणि त्या दीडशहाण्याने मला चक्क पास केलं! कंपनीचा माणूस धावत येऊन यंत्राचे कान पिळून गेला. तेव्हापासून दर सोमवारी पहिला मान माझा.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कारखान्यातल्यांनी मला कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावं. चिरेत गंज भरला, तेल साचलं, तर रॉकेल आत जायचं नाही आणि मी सापडायचो नाही. आणि तुम्ही मोठेपणी काहीही तपासणार असाल, गोळ्या-औषधं असोत की पुलाचे खिळे, तर आपल्या तपासणीवर आंधळा विश्वास ठेवू नका. माझ्यासारखा एखादा नापास जपून ठेवा आणि अधूनमधून आपलीच परीक्षा घ्या.

येत्या सोमवारी एका नव्या मुलीची पहिली पाळी आहे. मी खोक्याच्या तळाशी, जमेल तेवढा साळसूद चेहरा करून बसणार आहे. तिने मला सोडू नये म्हणजे झालं.