बोटाची परीक्षा

रंगखोलीत पाऊल ठेवायला थोरलीला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. तरी ती धाकटीच्या कामाच्या पहिल्याच दिवशी मास्क चढवून सरळ आत घुसली, कारण बाप धाकटीला नेमकं काय शिकवणार हे तिला ठाऊक होतं.

बाप गाड्या रंगवणारा नावाजलेला मिस्त्री. फवारताना मास्क घातला नाही तर तो पोटच्या पोरीलाही हाकलून द्यायचा. पण रंग वाळला की नाही, हे मात्र उघड्या बोटानेच बघायचं, असा त्याचा दंडक. हातमोज्यातून रंगाचा चिकटपणा कळत नाही म्हणे! थोरलीनेही वर्षानुवर्षं तसंच बोट लावलं, आणि एक दिवस मास्क नीट बसवलेला असतानाही तिची छाती शिट्टी वाजवू लागली.

"रंग कडक व्हावा म्हणून त्यात घालतात ते हार्डनर नाकातून नाही, कातडीतून आत गेलंय," डॉक्टर म्हणाले होते. "अंगाने तिथेच त्याच्याशी वैर धरलं. आता नुसता वास लागला तरी ते छातीत भांडायला उठतं."

बापाने ते हसण्यावारी नेलं. हात लागला म्हणून दम लागतो होय?

आत गाडीच्या दाराचा पत्रा ओला चकाकत होता. "लाव बोट," बाप म्हणाला. धाकटीने हात पुढे केला, तेवढ्यात थोरलीने तिचं मनगट धरलं.

"हातमोजे घाल."

"तू बाहेर हो आधी!" बाप खेकसला. "जन्मभर बोट लावतोय मी. मला काय झालं?"

"तुम्हाला नाही झालं, बाबा. मला झालं. हिचं काय होईल ते तुम्ही सांगू शकता?"

थोरलीचा श्वास अडकू लागला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं; ती पत्र्याकडे पाठ करून ठाण मांडून उभी राहिली. तिला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त संताप येत होता.

"ताई, जा ना गं," धाकटी रडवेली झाली. तिने घाईघाईने कपाटातले हातमोजे ओढून चढवले.

"झालं समाधान?" बापाचा आवाज कापरा झाला. "आता तरी चल बाहेर, पोरी."

"आता तुमचे हातमोजे," थोरली धापा टाकत म्हणाली, आणि जागची हलली नाही.