फॉइलखालची पांढरी पट्टी

‘तंत्रज्ञ बाईंनी फॉइल निष्काळजीपणे गुंडाळल्यामुळे अंधारातील प्लेटांवर प्रकाश पडला व जिवाणू नष्ट झाले, संयुगाच्या गुणधर्मांविषयी शंका घेण्याचे कारण नाही.’ चौकशी अहवालातलं हे वाक्य संचालकांनी वाचून दाखवलं आणि पेन त्याच बाईंपुढे सरकवलं.

वाक्य नामी होतं. एका स्वल्पविरामाच्या अलीकडे बाईची एकतीस वर्षं निकालात निघाली होती, पलीकडे संयुगाची अब्रू शाबूत होती. रुथेनियम नावाच्या धातूचं ते नारिंगी संयुग निळ्या दिव्याखाली जागं होऊन जिवाणू मारतं आणि अंधारात कुणाच्या केसालाही धक्का लावत नाही, असा दावा होता. त्याच बळावर पुढच्या महिन्यात त्याचं मलम भाजलेल्या रुग्णांना लागणार होतं. पण फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवलेल्या जिवाणूंच्या प्लेटाही साफ निघाल्या, एकही जिवाणू उरला नव्हता. उजेडाची वाट न पाहता जे मारतं, ते जिवाणू कोणता आणि कातडी कोणती हे पाहून मारील, याची हमी अहवालात कुठेच नव्हती.

“सही करा, बाई. दोन महिन्यांत निवृत्त होताय. जाता जाता कशाला डोक्याला ताप?”

“फॉइल बघू.”

संचालकांनी पाकिटातून फॉइल काढली. घड्या तिच्याच होत्या. मधोमध टाचणीएवढं भोक होतं. गोल, नेटकं आणि फारच सोयीचं.

“उद्या लिहून देते,” ती म्हणाली.

घरी जाताना तिनं संचालकांवर संशय घेतला, मग स्वतःवर. हल्ली बोटं थरथरायची. चष्माही बदलायचा राहिला होता. नख लागलं असेल तर?

“भोक पडलंय म्हणे,” तिनं नवऱ्याला सांगितलं.

“कुणाच्या अकलेला?”

“थट्टा नको हो. माझ्या फॉइलला.”

नवऱ्याचा फोटो स्टुडिओ बंद पडून बारा वर्षं झाली होती. उरलेल्या फोटो-कागदाच्या पट्ट्या कापून ती अंधारातल्या प्रत्येक प्लेटखाली, फॉइलच्या आत, एकेक सरकवायची आणि नंतर तारीख घालून काळ्या पाकिटात घरी जपायची. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी कधी विचारलंही नव्हतं.

“पट्टी आहे ना? मग घाबरतेस काय! उजेड शिरला असेल तर काळा ठिपका उमटेल. कागद म्हातारा झालाय, पण माझ्यासारखा विसरभोळा नाही.”

न्हाणीघराचं दार लावून त्यानं लाल दिवा पेटवला. पट्टी एका द्रावणात घातली, मग दुसऱ्या. दोघंही तिच्यावर वाकून उभे राहिले. ठिपका उमटला नाही, पट्टी पांढरीच राहिली. भोक नंतर पाडलं होतं.

“सुटलीस की गं!”

ती हसली नाही. “मी सुटले. पण मग ते अंधारातही मारतंय.”

“ते तुझ्या साहेबांनी बघावं.”

“त्यांनी कधीच बघितलंय,” ती म्हणाली आणि कपाटातून आणखी तीन काळी पाकिटं काढून तिनं टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं संचालकांपुढे पांढरी पट्टी ठेवली, शेजारी हातानं लिहिलेला कागद. पट्टीकडे त्यांनी पाहिलं नाही. कागदावरचा पहिला शब्द वाचून मात्र चेहरा सैलावला.

“कबुलीजबाब! हे शहाणपणाचं केलंत.”

“एक प्रत सकाळीच रुग्णालयात दिलीय. भाजलेल्यांच्या वॉर्डात, मोठ्या डॉक्टरांना.”

त्यांनी कागद पुन्हा उचलला. या खेपेस शेवटपर्यंत वाचला:

‘कबूल करते की अंधारातल्या प्लेटा याआधीही तीनदा साफ निघाल्या होत्या. तिन्ही वेळा साहेब म्हणाले, उजेड शिरला असेल, धुऊन टाका. तिन्ही वेळची माझी पट्टी काल रात्री तपासली, पांढरीच निघाली. तिन्ही वेळा मी प्लेटा धुतल्या.’