मानाच्या जागेवरची पाहुणी

मी एक जुनी तांब्याची झारी आहे आणि आज मी रागावलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूने हळू आवाजात, डोळे पुसत आपली कहाणी सांगावी अशी तुमची अपेक्षा असते. ते आज जमायचं नाही.

मार्गिलान शहरातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. ताजीखोनच्या लग्नात मी तिच्यासोबत सासरी आले. नमाजाआधी हातपाय धुवायचे, त्या वजूला माझं पाणी, जेवणाआधी हात धुवायलाही माझंच पाणी. "हिची धार बघा कशी सरळ पडते!" असं म्हातारे म्हणायचे, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग अंगणात नळ आला आणि मी फळीवर गेले. एखादी मानाची पाहुणी येणार असली, की तेवढ्यापुरतं मला राखेने घासून चकचकीत करत.

ती पाहुणी म्हणजे गालिना खेगाय, गल्लीच्या टोकाला राहणारी कोरियन नर्स. तिने आपल्या मनाने इस्लाम स्वीकारला. गल्लीला फार आनंद झाला आणि तिथेच घोळ झाला. बायकांच्या बैठकीत तिला दारापासून सर्वांत दूर, मानाच्या जागी बसवायचं. तिच्या हातावर पाणी घालायला ताजीखोनची सून धावायची. बायकांना कुराण शिकवणाऱ्या बाईला इथे आतिन म्हणतात; आमच्या ओयनिसा आतिन दर वेळी म्हणायच्या, "गालिना, तू या वाटेवर कशी आलीस ते सांग बरं. आणि जन्मापासून मुसलमान असलेल्या बायांनो, तुम्ही जरा कान उघडे ठेवा!"

गालिना सांगायची. दर वेळी तीच कहाणी, बायकांचे तेच उसासे. खऱ्या गप्पा, चेष्टा, भांडणं चालायची ती दाराजवळ, कामाच्या घोळक्यात. गालिना गाजरं चिरायला उठली, तर सून म्हणायची, "बसा हो, तुम्ही कशाला?"

यंदा रमजानात ती ताजीखोनकडे रोजा सोडायला आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ती आतिनबाईंना हळूच म्हणाली, "मला आतून काही वाटतच नाही हो. नमाज म्हणजे नुसती ऊठबस झालीय. मी उद्यापासून येत नाही."

"असं तोंडातून काढू नये! तुझ्याकडे बघून तर या बाकीच्या शिकतात."

ऐकलंत? तहानलेलीने पाणी मागितलं, तर तिलाच सांगितलं की तू आम्हाला पाज! मला पाय असते, तर मी फळीवरून उडीच मारली असती.

तेवढ्यात नळाचं पाणी गेलं. सूर्य टेकलेला, बायका वजूसाठी खोळंबलेल्या, सून चुलीपाशी अडकलेली. ताजीखोनने मला खाली ओढलं, बादलीत बुडवलं आणि समोर दिसली तिच्या हाती कोंबलं.

"बसलीस काय गं गालिना? ऊठ, पाणी ओत! आत्ता अजान होईल."

"अगं, पाहुणी ना ती!" आतिनबाई म्हणाल्या.

"पाहुणा तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी त्याने भांडी घासावीत. हिला किती वर्षं झाली?"

गालिनाने मला पहिल्यांदाच धरलं होतं. धार वाकडी गेली.

"हळू गं बाई, बाही भिजवलीस! डोळे आहेत की बटणं?" ताजीखोन खेकसली. बायका खो खो हसल्या आणि गालिनाही हसली. इतक्या वर्षांत तिच्यावर कोणी खेकसलंच नव्हतं.

सगळ्या आत गेल्यावर ती एकटी उरली. आतिनबाई माघारी आल्या. त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं आणि तिच्या हातांवर पाणी धरलं.

"माझेही महिनेच्या महिने कोरडे जातात गं," त्या पुटपुटल्या. "पण आतिनने ते कोणाला सांगायचं?"

"मला सांगायचंत! मी इतके दिवस समजत होते, खोट माझ्यातच आहे." गालिनाचा आवाज चढला. "मग काय करता तुम्ही?"

"उठते. हात धुते. शेजारणीला खेटून उभी राहते. पाय पुढे कर."

त्या दिवशी गालिना दाराजवळ उभी राहिली, ताजीखोनच्या घामेजल्या खांद्याला खांदा लावून. शेवटच्या सजद्यात तिचं कपाळ जमिनीला टेकलं. बाकीच्या उठल्या, तरी ती खालीच होती. कोणी तिला उठवलं नाही.

मित्रांनो, झारीतला शुक्राचार्य तुम्हाला माहीत आहे. इथे तो म्हणजे मान होता, मान! मला घासून फळीवर ठेवता तशी तुम्ही माणसंही ठेवता आणि वर विचारता, हिच्यातलं पाणी कुठे गेलं? तुमच्या घरात कोणी नवं आलं असेल, तर आधी त्याच्या हातात काम द्या. बाही भिजली, तर खुशाल ओरडा.