पितळेला दिलेला ताव

भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात मुद्दाम आणलेला अंधार, त्या अंधारात निळ्या ज्योतीपुढे पितळेच्या कडेवर हळूहळू उमलणारी मंद लाली, आणि परातीतल्या पाण्यात कलंडलेल्या तप्त धातूचा क्षणभराचा ओला फुत्कार: यमुनाआत्याचे नाव निघाले की माझ्या मनात प्रथम हेच येते, चेहरा मागाहून. ती गेल्याला दोन हिवाळे झाले.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कारंजाच्या पलीकडे, जंगलाला लागून तिचे चार एकर वावर होते. नवऱ्यामागे तिच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या: ते वावर, पीकरक्षणाच्या परवान्यावरची एक जुनी दुनळी बंदूक आणि काडतुसांच्या चौदा पितळी पुंगळ्या. बार झाला की रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरायची. तशी परवानगी कागदावर होती. नव्या काडतुसांची परवान्यावरची संख्या मोजकी, आणि पितळी पुंगळ्या तर दुकानात मिळेनाशाच झालेल्या. त्यांतल्या दोन एकामागून एक तडकल्या तशी तिच्या दिराची, नामदेवरावांची, जीभ सैल झाली.

"वयनी, पुंगळ्या फुटल्या का बंदूक ठाण्यात जमा कर, अन् वावर मले बटाईनं दे. रानडुकरायच्या मागं बाईमाणूस किती धावन?"

तो माणूस दुष्ट नव्हता. पिकाच्या वाट्यावर वावर आपण कसणे त्याला खरोखरच वहिनीच्या भल्याचे वाटे. पण ते वावर गेले असते तर आत्याजवळ तिचे म्हणावे असे काही उरले नसते, हे तिला ठाऊक होते आणि आम्हालाही.

ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली. मात्र आर्वीच्या बाजारात कासाराच्या दुकानासमोर ती ज्या एकाग्रतेने उभी राहिली, ती एकाग्रता मला पुढे ग्रंथालयातल्या थोड्याच वाचकांत दिसली. कासार गुंडाला, पाण्याच्या पितळी भांड्याला, ठोके देताना मध्येच हात थांबवी आणि ते भांडे पुन्हा विस्तवात धरी. तिने कारण विचारले. "ठोकून ठोकून पितळ कडक येते, बाई. ताव नाई दाखवला तर चिरते," तो म्हणाला. तिने तिथल्या तिथे ताडले की प्रत्येक बार हा पुंगळीला आतून बसलेला हातोड्याचा घावच आहे. पुंगळीचे तोंड दर वेळी फाकते, आवळले जाते, आणि तसे होता होता ताठर होऊन तडकते.

तरी पहिला प्रयोग फसला. दोन पुंगळ्या तिने चुलीत आख्ख्या लाल केल्या. तोंडाबरोबर बूडही मऊ पडले, आणि जिथे कणखरपणा हवा तिथेच तो उरला नाही. त्या दोन्ही तिने दगडाने चेपून टाकल्या, कुणी चुकून वापरू नयेत म्हणून. मग परातीत पाणी आले. पुंगळी पाण्यात उभी, बूड गार, फक्त तोंड वर. हातातल्या गॅसबत्तीची ज्योत त्या तोंडाभोवती फिरायची आणि रंगाची पहिली चाहूल लागताच सळईच्या टोकाने पुंगळी पाण्यात लोटायची. तो रंग उजेडात दिसत नाही, म्हणून दुपारचा अंधार. डोळे बारीक करून ती त्या कडेकडे पाही, तेव्हा तिच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा श्वास रोखून धरीत.

नामदेवराव दारात उभे राहून हसले. "पितळ भाजून का पापड होते का, वयनी? काऊन गॅस जाळून राह्यली?"

"पापड नाई होत भाऊजी. पण कोनाकोनाचं तोंड बंद होते."

उरलेल्या दहांपैकी पाच पुंगळ्यांना तिने ताव दिला, बुडाशी कानशीने एकेक खूण केली. पाच तशाच ठेवल्या. अट तिने स्वतःच घातली: हरभरा निघेपर्यंत बिनखुणेच्या जास्त टिकल्या तर वावर भाऊजींचे. आणि बार झाल्यावर रिकाम्या पुंगळ्यांची पिशवीही त्यांच्याच घरी जाई, पुन्हा भरण्यापुरती परत येई, म्हणजे पुढे शब्दाला जागा नको.

त्या हिवाळ्यात तिन्हीसांजेला, तुरीच्या काठावर धुके उतरू लागले की, तिचा बार आभाळाकडे उडे. त्याचा नाद टेकडीला टेकून परत येई आणि मागोमाग जंगलाच्या कडेची खसफस दूर दूर जाई. बिनखुणेची पहिली तडकली ती पौषात. मग एकामागून एक. दर वेळी नामदेवराव पिशवी घेऊन येत, आणि दर वेळी त्यांचे खाकरणे थोडे लांबे.

हरभऱ्याचा ढीग लागला त्या सकाळी त्यांनी खळ्यात, मजुरांदेखत, पिशवी उपडी केली. बिनखुणेची एकच धड होती, आणि तीही हातात घेऊन त्यांनी उन्हात फिरवली तेव्हा तिच्या काठावर केसाएवढी चीर निघाली. खुणेच्या पाचही सोन्यासारख्या. कुणीतरी हसू दाबले. नामदेवरावांनी टोपी काढून डोके खाजवले आणि म्हणाले, "वयनी, माह्या बंदुकीच्या बी दोन-चार जुन्या पुंगळ्या हायेत. त्यायले बी ताव देजो."

आत्या हसली नाही. तिने कमरेचा पदर घट्ट केला, ओंजळभर हरभरा उचलला आणि वाऱ्यावर सोडला. कोंडा उडाला, दाणे खाली आले, आणि तिच्या उभ्या देहाभोवती फाल्गुनाचे ऊन असे पसरले की जणू ते वावर, ती टेकडी आणि ते अवघे आकाश तिच्याच नावे लिहून दिले आहे. त्यानंतर बारा वर्षे तिने ते वावर स्वतः पेरले. बटाईचा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही.

ती गेल्यावर काही दिवस मी तिची आठवण अगदी कठीण करून जपली, एकाही क्षणाला हात लावू दिला नाही, आणि ती आतून चिरू लागली. आता कळते की काळाची आच माणसाचे नसणे कमी करीत नाही. ती फक्त आपल्याला इतके मऊ करते की त्या नसण्याचा पुढचा घाव, आणि त्याच्याही पुढचा, आपण न तडकता सोसू शकू.