उठलं का?

त्या ऑफिसात लॅपटॉप 'सुरू झाला' असं कुणी म्हणत नसे. 'उठला' म्हणत. ही ताईची भाषा. ताई म्हणजे धाकट्याची सख्खी मोठी बहीण आणि त्याच खात्यातली त्याची वरिष्ठ. सगळं ऑफिस तिला ताई म्हणे, तिच्यामुळे त्याला धाकटा, आणि चाळिशी उलटली तरी ते नाव काही त्याला सुटलं नव्हतं.

आता तीस नवे कोरे लॅपटॉप ट्रेनिंग हॉलच्या टेबलांवर आ वासून पडले होते आणि एकही उठत नव्हता. तिकडे दवाखान्यात ताईही उठत नव्हती. डोक्याच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. कालच शुद्धीवर यायला हवी होती, असं डॉक्टर म्हणत होते. बाहेरच्या बाकावर धाकट्याचा जीव टांगणीला लागलेला, आणि साहेबांचा फोन आला की उद्या सकाळी नवी माणसं येणार, लॅपटॉप तयार हवेत.

भाऊजींनीच त्याला पिटाळलं. "जा तू. इथे दोघांनी बसून काय करायचंय? काही झालं तर फोन करतो."

काम तसं सरळ. एका लॅपटॉपवर सगळं नीट बसवायचं, त्याची जशीच्या तशी प्रत काढायची, म्हणजे इमेज, आणि ती बाकीच्यांवर ओतायची. ही इमेज ताईने स्वतःच्याच जुन्या लॅपटॉपवरून काढली होती, चक्कर येऊन पडली त्याच दिवशी. धाकट्याने ती तिसांवर ओतली. तिसांनी एकच उत्तर दिलं: डिस्क सापडत नाही. डिस्क तर पोटातच होती!

त्याने पेन ड्राइव्ह बदलला, इमेज पुन्हा ओतली, दोनचार शिव्या हासडल्या. मग दुपारी कधीतरी त्याची ट्यूब पेटली. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात. ताईचा लॅपटॉप एकीने बोलायचा, हे नवे दुसरी पद्धत लावून आले होते. लॅपटॉप उठण्याआधीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती प्रत्येकावर हाताने बदलायची, बस्स.

पहिल्यावर त्याने ती बदलली. "उठलं का?" तो सवयीने पुटपुटला. पंखा घरघरला आणि पडद्यावर अक्षरं आली: स्वागत आहे, ताई.

धाकट्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग कारण कळलं आणि त्याला हसू फुटलं. इमेज काढण्याआधी मशीनवरून आपलं नाव काढायचं असतं. हा नियम ताईनेच त्याच्या डोक्यात घालून घालून त्याला जेरीस आणलं होतं, आणि नेमकी तीच विसरली होती.

तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. "अरे, बोट हललं तिचं! आत्ता, माझ्या हातात!"

धाकट्याने दुसरा लॅपटॉप ओढला. मग तिसरा. प्रत्येकाला तो विचारत होता, उठलं का, उठलं का. दहाव्याला पुन्हा भाऊजींचा फोन आला, तिने डोळे किलकिले केले. बाविसाव्याला पाणी मागितलं. हे काय चाललंय, असा विचार त्याने मनात येऊच दिला नाही, कारण आला असता तर हात थांबले असते.

तिसावा उठला आणि भाऊजी फोनवर रडायलाच लागले. "बसलीय रे, उशीला टेकून! म्हणते, कोण मेला सारखा 'उठलं का, उठलं का' करत होता, डोकं उठवलंन माझं."

धाकटा टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडला. त्याला बरं वाटलं.

तासाभराने साहेब डोकावले. "ही ताई-ताई काय भानगड आहे? नव्या माणसांना असं दाखवणार? नाव काढ."

"साहेब, त्यासाठी सगळं पुसून..."

"मग पूस. पाच वाजेपर्यंत हवंय मला."

योगायोग असतात, धाकट्याने स्वतःला बजावलं. शिकलेला माणूस आहेस तू. त्याने पहिला लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि पुसायला लावला. टक्के वाढत गेले. शंभर झाले आणि फोन वाजला.

"अरे, जरा विचित्रच झालंय," भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले. "सगळं आठवतंय तिला. तारीख, ऑफिस, मी. आत्ता बोलता बोलता तुझं नाव काढलं, तर म्हणते, कोण धाकटा? मला भाऊच नाही."

धाकट्याने फोन खाली ठेवला.

"हं, पुढचा घे," दारातच उभे असलेले साहेब म्हणाले.

"नाही." धाकटा उठून टेबलांपुढे आडवा उभा राहिला. "बाकीच्या एकोणतिसांना हात लावायचा नाही. नोकरीवरून काढा हवं तर."

साहेब पाय आपटत गेले. धाकट्याने पुसलेल्या लॅपटॉपवर तीच इमेज पुन्हा ओतली, तीच, ताईचीच. सेटिंग नीट तपासली.

"उठलं का?"

पंखा घरघरला. लॅपटॉप उठला. स्वागत आहे, असं आलं, आणि पुढे ताईचं नाव नव्हतं. तिथे एक रिकामी चौकट होती: आपण कोण?

त्याने 'धाकटा' असं टाइप केलं आणि फोन हातात धरून बसला.