एलवुडमामांचा पितळी बिल्ला

सुज्ञ वाचकहो, माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचा वृत्तांत मी येथे क्रमाने कथन करणार आहे. त्यात माझा बचाव आढळणार नाही.

अमेरिकेतील कोलंबिया नदीवरील आमच्या धरणाला माशांसाठी सिमेंटचा जिना आहे. एकावर एक हौद. पाणी उतरते, मासे चढतात. जानेवारीत डागडुजीकरिता जिना कोरडा करतात, तेव्हा आत अडकलेले, तोंडाने दगडाला चिकटून राहणारे वाम मासे हातांनी गोळा करून धरणाच्या वर सोडण्याचे कार्य आम्हा याकामा आदिवासींचे. उतरण्यापूर्वी प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला वर पाण्याच्या दरवाजाजवळील फळीवर टांगावा व परतल्यावर स्वतः काढावा. एकही बिल्ला टांगलेला असेतो पाणी सोडीत नाहीत.

त्या दिवशी सकाळपासूनच बंद दरवाजाच्या फटीतून पाणी झिरपत होते. कोणी दात आवळून श्वास घ्यावा, तसा तो आवाज होता.

"मामा, तुम्ही वर बसायचं होतं," मी म्हणालो. एलवुडमामा माझ्या आईचे थोरले बंधू, गुडघ्यांनी अधू.

"वर बसून तुझं काम बघू? तीनदा वाम निसटली तुझ्या हातून."

"बुळबुळीत आहे ती."

"मग तुझ्यासाठी खडबडीत व्हायला सांगू का तिला?"

काम संपवून आम्ही खालच्या दारातून बाहेर आलो. मामा एका हातात बादली घेऊन, काठी टेकून मागे पाहत होते.

"तिसऱ्या हौदात एक राहिली वाटतं. एकीला टाकून आलो, तर बाकीच्या पुढच्या वर्षी कशाला येतील?"

"काही नाही राहिली. थांबा, तुमचा बिल्ला मी आणतो."

"आण. म्हातारपणाचा तेवढाच फायदा."

आमच्यात वडीलधाऱ्यांना कशासाठीही चढू देत नाहीत. चाळीस पायऱ्या चढून मी दोन्ही बिल्ले काढले. मुकादम हँकने रिकामी फळी पाहून दरवाजा उघडण्याची कळ दाबली.

मी खाली पाहिले. काठी दाराला टेकवलेली होती. मामा नव्हते, बादलीही नव्हती.

"बंद कर. मामा आत आहेत."

"बिल्ला तर नाही," हँक म्हणाला, आणि त्याची दृष्टी माझ्या मुठीकडे गेली.

दरवाजा मिटण्यास चार मिनिटे लागतात.

मामा तिसऱ्या हौदातच सापडले. बादली मनगटाला बांधलेली, झाकण घट्ट. आत एक वाम जिवंत होती.

सायंकाळी मी तिला वरच्या पाण्यात सोडले. ती लगेच गेली नाही. बराच वेळ माझ्या मनगटाला तोंडाने चिकटून राहिली.

ती खूण अद्याप पुसलेली नाही. येथवर सोबत केलीत, याबद्दल आपला ऋणी,

डेल्मर स्पीडिस