पत्र्याखालचा घाम

सृष्टीचं वागणं भिमाबाईला मुळीच पटत नव्हतं. रोज सकाळी ही सून माळ्यावरून ओली गोधडी खाली आणायची आणि थेट ओट्याच्या कठड्यावर, साऱ्या कॉलनीच्या डोळ्यांसमोर पसरायची. म्हणजे दवंडीच की, भिमाबाईचं छप्पर गळतंय!

पत्रे भिमाबाईने स्वतः उन्हात उभं राहून ठोकून घेतलेले. नवनाथचं लग्न ठरलं तेव्हा त्याच पत्र्यांखाली प्लायचं छत मारून माळ्याची खोली केली. आता ऐन थंडीत, आभाळात ढग नसताना, त्या छतातून पाणी टपकत होतं. कोपऱ्यात काळी बुरशी धरली. बाळ शिंकायला लागलं, तसा नवनाथ म्हणाला, "आई, सिन्नरला कंपनीजवळ खोली बघितलीय. रविवारी जातो आम्ही."

नातू अजून धड हसायला शिकला नव्हता आणि निघाला सिन्नरला! भिमाबाईने त्याला मांडीवर ओढून घेतलं. तोंड मात्र थांबलं नाही.

"जा की! पण आधी माझ्या पत्र्याला भोक दाखव, मग जा."

दुपारी तिने नवनाथला पाइप देऊन वर चढवला. स्वतः खोलीत मान वर करून उभी राहिली. पत्र्यावर धो धो पाणी पडलं; खाली थेंब नाही.

"कोरडं ठाक हाय! आता ठेव नावं."

"मग पहाटे पाणी येतं कुठून?" नवनाथने वरूनच विचारलं.

हा प्रश्न तिला रात्रभर सलत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गुडघे धरत जिना चढली. दार उघडताच ओलसर, उबट हवा तोंडावर आली. दोरीवर दुपटी आणि लंगोट वाळत होते. खिडकी घट्ट बंद, काच आतून निथळत होती. हॉटप्लेटवर ओव्याचं पाणी रटरटत होतं. भिमाबाईने झाकण उचललं, तर झाकणाच्या पोटाचे थेंब टपाटप मनगटावर पडले. तिने वर पाहिलं. छतालाही तस्सेच थेंब लोंबत होते. बाहेर गार पत्रा, आत वाफ; सगळी खोलीच झाकण घातलेलं पातेलं झाली होती.

पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत चिंध्यांचे बोळे होते. तिने एक उपसला. तिचंच जुनं हिरवं लुगडं!

"हे कोणी कोंबलं गं?"

"मीच. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाय, असं तुम्हीच म्हणालात ना, आई."

"आणि ही दुपटी आत का?"

"बाळाचे कपडे दिवेलागणीला बाहेर नकोत म्हणालात. म्हटलं, बाहेर न्यायलाच नकोत."

"आणि ओव्याचं पाणी?"

"दिवसभर गरम पाहिजे म्हणालात."

जिन्यात नवनाथ फिसकन हसला. आईची नजर वळताच त्याला खोकला आला.

भिमाबाईने सगळे बोळे उपसले. हॉटप्लेट खाली स्वयंपाकघरात गेली, दुपटी उन्हात गेली, आणि खिडकी रोज दुपारभर उघडी राहू लागली. नवनाथने ब्लीचिंगच्या पाण्याने बुरशी पुसली. छत हळूहळू सुकलं, बाळाचं नाक मोकळं झालं. शनिवारी नवनाथने सिन्नरच्या घरमालकाला फोन करून नको म्हणून सांगितलं. भिमाबाई भाकरी थापत होती. एक भाकरी करपली, इतकं कान देऊन तिने ते ऐकलं.

मग तिने हाक मारून सुनेला समोर बसवलं.

"पत्रा चांगला हाय, पोरगी तू बी चांगली हायस. पण एक खोड लय वाईट बघ तुझी. सासूचं एवढं ऐकतात का कुठं?"